मॅकियाव्हेलीचा तितर: जुन्या इतिहासग्रंथांतला ग्रीक-रोमन साचा ओळखायचा कसा?

दप्तरदार

कास्त्रुच्चो कास्त्राकानी हा इटलीतल्या लुक्का शहराचा सत्ताधीश. १३२८ साली वारला. मॅकियाव्हेलीने १५२० मध्ये त्याचं छोटंसं चरित्र लिहिलं आणि शेवटी त्याची हजरजबाबी उत्तरं दिली. त्यातलं एक: कास्त्रुच्चोने एक दुकाट, म्हणजे सोन्याचं नाणं, मोजून तितर विकत घेतला. मित्राने नावं ठेवली. कास्त्रुच्चोने विचारलं, “एका सोल्दोला मिळाला असता तर तू घेतला असतास ना?” मित्र हो म्हणाला. “मग माझ्या लेखी दुकाटाची किंमत सोल्दोहूनही कमी आहे.”

आता डायोजीनिस लाएर्शिअसने लिहिलेली तत्त्वज्ञांची चरित्रं उघडा आणि अॅरिस्टिपसचं प्रकरण काढा. तोच तितर. फक्त दुकाटाऐवजी ५० द्राख्मा आणि सोल्दोऐवजी ओबोल. त्रावेर्सारीने केलेला या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद १४३३ पासून वाचनात होता, म्हणजे मॅकियाव्हेलीला ग्रीक येण्याची गरजच नव्हती. यादीतली बहुतेक उत्तरं याच खाणीतली आहेत.

वयाचंही तेच. कास्त्रुच्चोचा जन्म १२८१ चा, म्हणजे तो ४७ व्या वर्षी गेला. मॅकियाव्हेली ४४ लिहितो आणि कारणही तिथेच देतो: मॅसिडोनचा फिलिप आणि रोमचा स्किपिओ यांच्यापेक्षा तो कमी नव्हता, म्हणून त्यांच्याच वयात गेला. खरा कास्त्रुच्चो लुक्काच्या नामांकित घराण्यातला, बायको-मुलं असलेला. चरित्रात तो द्राक्षाच्या मळ्यात सापडलेलं बेवारस मूल आहे आणि आयुष्यभर अविवाहित आहे.

यावरून “मॅकियाव्हेली खोटं लिहितो” असा शेरा मारून मोकळं होता येतं, पण त्याने काहीच हाती लागत नाही. १५ व्या-१६ व्या शतकातल्या जवळजवळ प्रत्येक इटालियन इतिहासग्रंथात असे साचे आहेत आणि त्याच ग्रंथांत दप्तरातून उतरवलेली अस्सल माहितीही आहे. दोन्ही वेगळं काढायचं कसं, यासाठी हा धागा. कोणता भाग कोणत्या जुन्या ग्रंथावरून येतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी नेमकं लिहावं.

पोथीवाला

सुरुवात रोमन वक्ता सिसेरो याच्यापासून करावी लागेल. ‘दे ओरातोरे’च्या दुसऱ्या पुस्तकात इतिहास कसा बांधायचा याची कृतीच दिलेली आहे. पाया दोन नियमांचा: खोटं सांगायचं नाही आणि खरं ते सांगायला कचरायचं नाही. त्यावरचं बांधकाम: काळाचा क्रम, स्थळाचं वर्णन, आधी बेत, मग कृती, मग परिणाम, प्रत्येकाची कारणं, आणि नामांकित माणसांचा स्वभाव व आयुष्य. या ग्रंथाची पूर्ण प्रत १४२१ मध्ये लोदी इथे सापडली. त्यानंतरचे लेखक ही यादी समोर ठेवूनच लिहीत असावेत, इतकी ती त्यांच्या प्रकरणांवर बसते. युद्ध आलं की आधी मसलत, मग भूभाग, मग लढाई, मग निकाल.

दुसरी कृती वक्तृत्व शिकवणारा रोमन क्विंतिलियन याची, त्याच्या ग्रंथाच्या आठव्या पुस्तकातली. शहर लुटलं गेलं एवढंच म्हटलं तर ऐकणाऱ्याला काही भिडत नाही. तपशील उलगडून दाखवा, असं तो शिकवतो. घरांतून-देवळांतून उसळणाऱ्या ज्वाळा, छपरं कोसळल्याचा आवाज, सगळ्या आरोळ्यांचा मिळून एक गलका, पळावं कुठे हे न कळणारी माणसं, आप्तांना मारलेली शेवटची मिठी, मुलांचा-बायकांचा आक्रोश, लुटीवरून जिंकणाऱ्यांची आपापसांत भांडणं, पोराला सोडायला तयार नसलेली आई. क्विंतिलियनचा पूर्ण पाठ इटालियन विद्वान पोज्जो याला सांक्ट गालेनच्या मठात १४१६ मध्ये मिळाला. त्यानंतरच्या कुठल्याही ‘शहराची लूट’ प्रकरणात ही यादी हातात घेऊन खुणा करत जा. सहा-सात खुणा जुळल्या आणि एकाही गल्लीचं, देवळाचं, माणसाचं नाव आलं नाही, तर ते वर्णन शाळेत शिकलेलं आहे. नाव, रक्कम, वार असं काही आलं की तिथे थांबा. ते कुठून तरी कळलेलं आहे.

मात्र साचा सापडला म्हणून घटना खोटी ठरत नाही, हे ठळक अक्षरात लिहून ठेवा. १५२७ ची रोमची लूट झाली, भयंकर झाली, आणि त्याची वेगळी पत्रं आहेत.

तळटीप

साच्याने काय घातलं याहून साच्याने काय गाळलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

जोव्हान्नी व्हिल्लानी हा फ्लोरेन्सचा व्यापारी, १३४८ च्या प्लेगात गेला. त्याच्या बखरीत १३३८ च्या आसपासच्या शहराचा हिशेब आहे: सुमारे ९०,००० तोंडं, लोकरी कापडाची २०० वर दुकानं, वर्षाला ७०,००० ते ८०,००० ठाणं, त्यावर पोट असलेले ३०,००० लोक, वाचायला शिकणारी ८,००० ते १०,००० मुलं, आकडेमोडीच्या सहा शाळांत १,००० ते १,२०० मुलं. आर्थिक इतिहास लिहिणारा प्रत्येक जण आजही या पानांपाशी येतो.

लेओनार्दो ब्रूनीने फ्लोरेन्सच्या लोकांचा लॅटिन इतिहास १४१५ च्या सुमारास सुरू केला. एकूण १२ पुस्तकं. जुन्या काळासाठी त्याचा मुख्य आधार व्हिल्लानीच. पण हे प्रकरण ब्रूनीकडे उतरत नाही, कारण ब्रूनीचा आदर्श असलेल्या लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथात कापडाची ठाणी मोजत नाहीत. तिथे मोजतात ते सैन्य, दूत, अधिकारी आणि मेलेले. लिव्हीचा घाट स्वीकारला की लोकरीच्या जिवावर उभं असलेलं शहर लोकरीशिवाय दिसायला लागतं. हे नुकसान मोठं आहे आणि ते एकाही खोट्या वाक्याशिवाय झालेलं आहे.

ब्रूनीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो १४२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १४४४ पर्यंत, फ्लोरेन्सचा चान्सलर होता. सरकारी पत्रव्यवहार त्याच्या हाताखालून जायचा. तह, दूतांना दिलेल्या सूचना, पत्रं या बाबतीत तो बखरकारांपेक्षा पुष्कळ पक्का आहे. शिवाय फ्लोरेन्स ज्युलिअस सीझरने वसवलं ही लाडकी दंतकथा त्यानेच मोडली. रोममध्ये कट करणाऱ्या कॅटिलिनाविरुद्धची सिसेरोची भाषणं आणि रोमन इतिहासकार सॅलस्ट यांच्यात फ्लोरेन्सशेजारच्या फिएसोलेजवळ रोमन सेनापती सुल्लाच्या जुन्या सैनिकांची वस्ती असल्याचे उल्लेख आहेत. त्यांवरून त्याने शहराचा उगम प्रजासत्ताकाच्या काळात नेला. इथे प्राचीन ग्रंथ साचा म्हणून नाही, पुरावा म्हणून वापरलाय. अर्थात सम्राटापेक्षा प्रजासत्ताक त्याला सोयीचंही होतं. पुढे पोलित्सियानो या विद्वानाने वेगळा प्राचीन आधार दाखवून हा उगम त्रिकूटाच्या, म्हणजे सीझरनंतर तिघांनी मिळून रोमची सत्ता चालवली त्या, काळात आणला.

जुनीवही

स्वभावचित्रांसाठी दोन उतारे तोंडपाठ असावेत. एक, सॅलस्टच्या ‘कॅटिलिना’तलं पाचवं प्रकरण: उच्च कुळ, मनाची-शरीराची मोठी ताकद, पण वृत्ती दुष्ट, भूक, थंडी, जागरण सोसण्याची अचाट शक्ती, दुसऱ्याच्या धनावर डोळा, स्वतःचं उधळणारा. दुसरा, लिव्हीच्या २१ व्या पुस्तकातलं हॅनिबलचं चित्र: आधी गुणांची रास, मग तेवढ्याच वजनाचे दुर्गुण, आणि कार्थेजवाल्यांनाही मागे टाकणारा विश्वासघात.

२६ एप्रिल १४७८ ला फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये पात्सी घराण्याच्या कटवाल्यांनी शहरावर वर्चस्व असलेल्या मेदिची घराण्यातल्या जुलियानोचा खून केला. त्याचा भाऊ लोरेन्झो मानेवर जखम घेऊन वाचला. पोलित्सियानो तिथे हजर होता आणि त्याच वर्षी त्याने वृत्तान्त लिहिला. घाट सरळ ‘कॅटिलिना’चा: आधी एकेका कटवाल्याचं स्वभावचित्र, मग कट, मग शेवट. याकोपो पात्सी जुगारी आहे, देवाला शिव्या देणारा आहे. ही चित्रं मेदिचींच्या माणसाने मेदिचींसाठी सॅलस्टच्या रंगाने रंगवली आहेत. पण दरवाजा कोणी लावला, जखम कुठे झाली, लोक कुठल्या बाजूने पळाले, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एकाच पुस्तकात चार पानांच्या अंतरावर पुराव्याची प्रत बदलते. म्हणून अख्ख्या ग्रंथाला एकच शेरा देऊ नये. शेरा परिच्छेदाला द्यावा.

नवखा_वाचक

प्रश्न साधा आहे. भाषणं रचलेली असतात हे कळलं. मग ती सरळ गाळून पुढे गेलं तर काय बिघडतं?

दप्तरदार

बिघडतं. भाषण हा या ग्रंथांत इतिहासकाराने कारणमीमांसा ठेवण्याचा कप्पा आहे. आज आपण “या निर्णयामागे दोन विचार होते” असा परिच्छेद लिहितो. ते दोन माणसं उभी करून दोन भाषणं देत. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडिसने पहिल्या पुस्तकात (प्रकरण २२) स्वतःच सांगून ठेवलंय की शब्द जसेच्या तसे आठवणं अवघड. प्रसंगाला साजेसं, एकूण आशयाला धरून त्याने लिहिलं. व्हाल्ला या इटालियन विद्वानाने त्याचा लॅटिन अनुवाद १४५२ मध्ये पुरा केला.

भाषण तपासायचं ते असं. आधी जोडीचं भाषण शोधा. एकाने बाजू मांडली आणि दुसऱ्याने मुद्द्याला मुद्दा खोडला, तर रचना लेखकाची. मग वक्त्याला त्या दिवशी न कळलेली गोष्ट भाषणात आलीय का ते पाहा. पुढचा निकाल ठाऊक असल्यासारखा तो बोलत असेल तर तो आवाज लेखकाचा. त्यानंतर फ्लोरेन्सच्या सरकारी दप्तरातल्या ‘कोन्सुल्ते ए प्रातिके’ या नोंदवह्यांकडे जा. सल्लामसलतीच्या बैठकांत कोण काय बोललं याचे त्रोटक गोषवारे तिथे आहेत. बैठक झाली होती का, तो माणूस हजर होता का, त्याची बाजू तीच होती का, एवढं तिथे कळतं. बाजू जुळली आणि शब्द नाही जुळले, तर भाषण उपयोगाचं. बाजूच उलटी निघाली, तर लेखकाला तसं का करावंसं वाटलं हा पुढचा शोध.

सरावाला फ्लोरेन्सच्या ग्विच्चार्दीनीने लिहिलेल्या इटलीच्या इतिहासातलं दुसरं पुस्तक घ्या. १४९४ मध्ये मेदिची हाकलले गेल्यावर राज्यव्यवस्था कशी असावी यावर पाओलान्तोनियो सोदेरीनी आणि ग्विदान्तोनियो व्हेस्पुच्ची यांची जोडभाषणं आहेत. घाट शंभर टक्के प्राचीन. पण व्यापक सभा की मोजक्यांचं राज्य, या वादाची दोन्ही टोकं तिथे जितकी स्वच्छ दिसतात तितकी कुठल्याही नोंदवहीत दिसत नाहीत.

तळटीप

यात भर. मॅकियाव्हेलीच्या फ्लोरेन्सच्या इतिहासातलं तिसरं पुस्तक, १३७८ चं चोंपींचं, म्हणजे लोकर कामगारांचं, बंड. लोकर पिंजणारा एक निनावी कामगार साथीदारांना म्हणतो की सगळ्यांना नागवं करा, आपण सारखेच दिसू. त्यांचे कपडे आपण घालू, आपले त्यांना घालू, मग आपण थोर आणि ते नीच. रात्रीच्या गुप्त बैठकीतलं हे भाषण टिपून घ्यायला कोणी बसलं नव्हतं. पण लिव्हीचा घाट होता म्हणूनच बिननावाच्या मजुराला पानभर बोलता आलं. ब्रूनीचं नुकसान मी वर सांगितलं. हा त्याच घाटाचा लाभ.

आणि मॅकियाव्हेलीची प्रस्तावना चुकवू नका. ब्रूनी आणि पोज्जो यांनी परकीयांशी झालेली युद्धं मन लावून लिहिली, पण घरातली भांडणं कुठे गाळली, कुठे दोन ओळींत उरकली, अशी त्याची तक्रार आहे. लिव्हीत तर जनता आणि सरदार यांचं भांडण पानोपानी आहे. एकाच लेखकाकडून दोन पिढ्यांनी वेगवेगळ्या गोष्टी उचलल्या.

पोथीवाला

लढायांबद्दल एक सावधगिरी. २९ जून १४४० ची अंग्यारीची लढाई. मॅकियाव्हेली म्हणतो, एकच माणूस मेला, तोही घोड्यावरून पडून तुडवला जाऊन. झागोनाराला १४२४ मध्ये तिघे, चिखलात बुडून. मोलिनेल्लाला १४६७ मध्ये कोणीच नाही. त्या काळच्या इतर वृत्तान्तांशी हे जुळत नाही. अंग्यारीला बरेच मेले होते. भाडोत्री सैन्य हे खोटं सैन्य, नागरिकांचं सैन्य खरं, हा त्याचा सिद्धान्त रोमन इतिहासातून आलेला आहे आणि आकडे त्या सिद्धान्ताकडे झुकलेत. रोमन साचा म्हणजे नुसती शैली नाही, तो असा आकड्यांतही शिरतो.

त्याच वाक्यात अनुवादाचा खड्डा आहे. लढाई “विसाव्यापासून चोविसाव्या तासापर्यंत” चालली, असं मूळ आहे. इटलीत तेव्हा तास सूर्यास्तापासून मोजत, म्हणजे चोविसावा तास दिवेलागणीचा. लढाई चार तासांची, दुपार उलटल्यापासून अंधार पडेपर्यंत. ‘वीस ते चोवीस तास’ असं वाचलं की लढाई दिवसभर लांबते आणि एकच मेला हे आणखीच अचाट वाटायला लागतं.

दप्तरदार

तारखांचंही सांगून टाकतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. फ्लोरेन्सचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, थेट १८ व्या शतकाच्या मध्यापर्यंत. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्चमधली मूळ कागदावरची तारीख आपल्या हिशेबाने एक वर्ष पुढची. मॅकियाव्हेलीला अटक झाली तो आपला फेब्रुवारी १५१३. तिथल्या कागदावर फेब्रुवारी १५१२. सालवार मांडणी लिव्हीकडून घेतलेल्या ग्रंथात हिवाळ्यातली घटना कुठल्या वर्षाखाली घातलीय, हे दर वेळी पाहावं लागतं. टिपण करताना दोन्ही सालं लिहा: १५१२/१३.

मांडवीकाठ

आपल्या दाराशीही हे आलेलं आहे. जुआंव द बारुश याने पोर्तुगीजांच्या आशियातल्या कारभाराचा इतिहास ‘देकादास’ म्हणून लिहिला. पहिला भाग १५५२, दुसरा १५५३, तिसरा १५६३. प्रत्येक भागात दहा पुस्तकं. दासबोधाचे दशक डोळ्यांसमोर आणा, दहा-दहा समासांचे. तशीच बांधणी, फक्त इथे घाट लिव्हीचा, कारण लिव्हीची पुस्तकं दहा-दहाच्या गटांनी नकलली जात. बारुश लिस्बनमध्ये कासा द इंडियाचा, म्हणजे पूर्वेकडच्या व्यापाराच्या सरकारी कचेरीचा, अधिकारी होता, हिंदुस्थानात कधीच आला नाही. कागद मात्र सगळे त्याच्या हाताखाली यायचे. गोवा जिंकणाऱ्या अफोंसो द अल्बुकर्कच्या मुलाने बापाच्या पत्रांवरून १५५७ मध्ये ‘कोमेंतारियुश’ काढलं. ते नाव सीझरच्या ग्रंथाचं.

दिओगु दु कूतो याने पुढची दशकं लिहिली ती गोव्यात बसून. १५९५ पासून तो गोव्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख होता आणि आजच्या पणजीच्या पुराभिलेखाची परंपरा तिथपासून धरतात.

वर साचा ओळखायच्या ज्या युक्त्या आल्या, त्या एका ठिकाणी फसतात, म्हणून मुद्दाम लिहितो. १५४६ चा दीवचा वेढा उठल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द काश्त्रु १५४७ मध्ये गोव्यात शिरला: डोक्यावर पानांचा मुकुट, पुढे बंदिवान आणि जिंकलेली निशाणं. वाचणारा म्हणेल, हा रोमन विजयोत्सव लेखकाने पुस्तकातून उचलला. पण तो खरोखर तसाच निघाला होता. या मिरवणुकीचे विणलेले पडदे व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. इथे साचा लिहिणाऱ्याने नाही, वागणाऱ्याने वापरला. शिकलेला सेनापती रोमन ग्रंथ वाचून रोमनासारखा वागत असेल, तर साच्याच्या खुणा जुळल्या एवढ्यावर प्रसंग खोडता येत नाही. स्वतंत्र कागद हवाच.

जुनीवही

मांडवीकाठ, हा मुद्दा फार मोलाचा. पात्सी कटाच्या काळातही तरुण मंडळी सीझरला मारणाऱ्या ब्रूटसची उदाहरणं वाचून खंजीर उचलत होती. १४७६ मध्ये मिलानच्या ड्यूकला मारणारे तर सॅलस्टच वाचत होते, असा कबुलीजबाब आहे. म्हणजे कटवाला कॅटिलिनासारखा दिसतो तेव्हा दोष कोणाच्या लेखणीचा, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

नवखा_वाचक

मग आपल्या बखरींना आणि शिवभारताला हीच कसोटी लावता येईल का?

पोथीवाला

कसोटी तीच, यादी वेगळी. शिवभारताचा कर्ता कवींद्र परमानंद काशीच्या पंडितांना कथा सांगतो, ती चौकट महाभारत-पुराणांची. तिथे लिव्हीची यादी घेऊन बसलात तर काहीच जुळणार नाही आणि सगळं खरं वाटेल. आधी त्या लेखकाने काय पाठ केलं होतं ते शोधा. भूभार हरण करण्यासाठी अवतार, दूताचं भाषण, सैन्याचं वर्णन, वीरांच्या नावांच्या माळा हे तिथले साचे. त्यातल्या नावांच्या माळा गाळू नका. माणसं खरी असतात.

तळटीप

शब्दांचा एक घोटाळा राहिला. अभिजात लॅटिनमध्ये तोफेला शब्द नाही. कोणी प्राचीन यंत्राचा ‘तोर्मेन्तुम’ वापरतो, कोणी ‘बोम्बार्दा’. पहिला शब्द दिसला तर दगड फेकणारं यंत्र की बारुदाची तोफ, हे प्रसंगावरून ठरवा. व्हाल्लाने नवा शब्द वापरायची बाजू घेतली. १४४० च्या दशकात फाचो या दुसऱ्या विद्वानाशी त्याचा मोठा वाद झाला, त्यात हेही होतं आणि अरागॉनचा राजा मार्तीन दरबारात घोरला हे लिहावं की नाही, हेही. फाचोच्या मते ते इतिहासाच्या मर्यादेत बसत नाही. व्हाल्ला म्हणे, घडलं ते लिहायचं. अशा वादांत कोणी काय आक्षेप घेतला हे वाचलं की इतरांनी न बोलता काय गाळलं असेल याचा अंदाज येतो.

नवखा_वाचक

कूतोपासून सुरू करतो. कुठलं दशक आधी घेऊ?

मांडवीकाठ

सहावं. दीवचा वेढा आणि काश्त्रु त्यातच आहेत, आणि ताडून पाहायला काश्त्रुची स्वतःची पत्रं मिळतात. आधी भाषणं वेगळ्या रंगाने खुणवा, मग नावं आणि आकडे दुसऱ्या रंगाने. आठव्या-नवव्याला इतक्यात हात लावू नका. कूतो आजारी असताना त्यांची हस्तलिखितं चोरीला गेली आणि त्याने आठवणीतून व उरलेल्या टिपणांतून संक्षेप पुन्हा लिहिला. आठव्याचा त्याहून मोठा पाठ पुढे हस्तलिखितांत मिळाला. तिथे भाषण लहान दिसलं तर ते साचा मोडल्यामुळे की संक्षेपामुळे, हे प्रत न पाहता सांगता येणार नाही. तेव्हा टिपणाच्या डोक्यावर कोणता पाठ वाचताय ते आधी लिहा.